गच्चीवरची मिरज पॅसेंजर : रूळ आणि सांध्यांची नोंदवही

१४ जुलै २०२४

गच्चीवरची पत्र्याची खोली एकदाची रिकामी झाली. दोन मोडके कूलर भंगारात गेले. आईचा पाटा-वरवंटा जिन्यावरून उतरवताना दोघांची कंबर धरली. भिंतीला लोखंडी अँगल मारून छोट्या मॉडेल रेल्वेसाठी ११ फूट लांब, पावणेदोन फूट रुंद फळी बसवली. १२ मिलीचा प्लाय, खालून दर सव्वा फुटाला आडवी पट्टी. जमिनीपासून उंची ४६ इंच, कारण वाकून काम करायचं वय गेलं.

बेत असा की कोल्हापूर स्टेशनची हुबेहूब नक्कल करायची नाही, पण चाल तीच ठेवायची. आपलं स्टेशन म्हणजे लाईनीचं शेवटचं टोक. आलेल्या गाडीचं इंजिन सुटणार, शेजारच्या लाईनीवरून मागं जाणार आणि दुसऱ्या टोकाला लागणार. लहानपणी फलाटावर उभा राहून मी हेच बघत बसायचो. दोन फलाट, मधे इंजिन फिरवायची लाईन, आणि गूळ मार्केटच्या नावानं मालाची एक साईडिंग. सांधे, म्हणजे गाडी एका लाईनीवरून दुसरीवर जाते त्या जागा, चार. गाडी कुठलीही असो, इंजिन फिरवायचं म्हटलं की त्यातले दोन ओलांडावेच लागणार.

माप एचओ, म्हणजे १ ला ८७, खऱ्याचा ८७ वा भाग. रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. हे ८७ पट केलं की १४३५ येतात, ते युरोप-अमेरिकेचं गेज. आपलं ब्रॉडगेज १६७६, म्हणजे मापात अंतर १९.३ हवं. तेव्हा माझं इंजिन म्हणजे पैलवानाच्या पायात पोराचं पायताण. खरं तर १८८८ साली शाहू महाराजांच्या हस्ते पहिली कुदळ पडली आणि १८९१ ला मिरजेहून गाडी सुरू झाली, ती लाईन मीटरगेज होती. ती करायची तर १२ मिमीचे रूळ चालतात. पण त्या काळचं इंजिन तयार मिळत नाही आणि घडवायला माझा जन्म पुरायचा नाही. पायताणावर भागवू.

१९ जुलै

पुण्यातल्या एका छांदिष्टानं पसारा आवरायला काढला होता, त्याच्याकडून खोकं आलं. वाकणाऱ्या रुळाचे दहा तुकडे, प्रत्येकी ९१४ मिमी, म्हणजे बरोब्बर एक वार. चार सांधे, वापरलेले. रूळ कोड १०० चे. कोड म्हणजे रुळाची उंची इंचाच्या हजारांशात, तेव्हा १०० म्हणजे २.५४ मिमी. ८७ नं गुणलं तर २२१ मिमी होतात आणि आपल्याकडच्या ६० किलोच्या रुळाची उंची १७२ आहे. कोड ७५ घेतला असता तर १६६ आली असती, दिसायला फार जवळ. पण माझ्याकडच्या जुन्या डब्यांच्या चाकांची कड खोल आहे. ती बारीक रुळाच्या खिळ्यांवर घासली असती. दिसण्यापेक्षा चालणं महत्त्वाचं.

मेहुणा हुपरीहून आला होता. घर चांदीच्या पैंजणांच्या कामातलं. खोक्यावर निकेल सिल्व्हर वाचून त्यानं तुकडा उजेडाला धरला. "दाजी, यात चांदी किती?"

एक कणही नाही, सांगितलं. तांबं, निकेल, जस्त.

"मग जर्मन सिल्व्हर म्हणा की सरळ. आमच्यात हे घेऊन कोण दारात आलं तर हाकलत्यात."

२७ जुलै

आठवडाभर संततधार. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीच्या वर गेलंय आणि गाव दुसरं काही बोलत नाही. तात्यांना रुकडीला फोन केला. घर वरच्या आळीला आहे, ठीक आहेत.

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. १९७१ च्या सुमारास ही लाईन ब्रॉडगेज झाली, त्यानंतर दोनेक वर्षांनी ते गँगमन, म्हणजे रूळ राखणाऱ्या टोळीतले मजूर, म्हणून लागले. पुढं कीमन झाले, मेट, म्हणजे टोळीचे मुकादम, होऊन निवृत्त झाले. पूर म्हटलं की त्यांना पंचगंगेचा पूल आठवतो. पाणी चढलं की पुलाशी रात्रभर कंदील घेऊन माणूस बसवायचे. "झोप लागू नये म्हणून आम्ही एकमेकांना भुताच्या गोष्टी सांगायचो," म्हणाले, "आन मग भ्यायला लागलो की गप बसायचो."

मी फळीवर रेल्वे करतोय हे ऐकून थोडा वेळ फोनवर काहीच आवाज आला नाही. मग, "पगार कोण देतंय त्याचा?"

पावसानं खोलीचं दार फुगलंय. खांदा लावल्याशिवाय लागत नाही. हेही इथं लिहून ठेवतोय.

४ ऑगस्ट

रुळाखाली कॉर्क. उद्यमनगरात गॅस्केटच्या दुकानात तीन मिलीची कॉर्क शीट वजनावर मिळते. ऑईल इंजिनांची गावाला सवय असल्याचा असा फायदा. दुकानदारानं कुठल्या इंजिनाला म्हणून विचारलं, मी रेल्वेच्या म्हटलं, त्यानं पुढं काही विचारलं नाही.

फळीच्या कडेला पोलादी टेपनं दर मीटरला पेन्सिलीची खूण केली. मिरजेकडच्या टोकाला हलकं वळण आहे, ते कंपासनं काढलं नाही. सरळ लाईनीतून एकदम गोलाईत शिरलं तर डबा झटका खातो. वळण हळूहळू घट्ट व्हायला हवं. त्याला सोपी युक्ती म्हणजे बांबूची लांब कामटी. एक टोक सरळ रेषेवर दाबून धरायचं, दुसरं हव्या तितकं ओढायचं, मधे ती जी वळते ती रेघ पेन्सिलीनं मारायची.

वळणावरचा जोड आधी सरळ असतानाच डाग (सोल्डर) देऊन पक्का करायचा आणि मग दोन्ही तुकडे एकत्र वाकवायचे, नाहीतर जोडापाशी कोपरा येतो. वाकवलं की आतला रूळ बाहेर सरकतो, तो करवतीनं कापायचा आणि तोंड कानशीनं साफ करायचं. कापाची धारदार कड राहिली तर फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी) चढत नाही, आणि जबरदस्ती केली की ती कडच बोटात घुसते. अंगठ्याला दोन पट्ट्या.

बाकीचे सगळे जोड तोंडाला तोंड, अगदी घट्ट. व्हर्नियर घेऊन जगणाऱ्या माणसाला फट दिसली की चूक वाटते.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाहून येऊन डागाला बसलो. प्रत्येक तुकड्याला खालून लाल आणि काळी तार, फळीखालून जाणाऱ्या जाड तारेला जोडलेली. नुसत्या फिशप्लेटच्या भरवशावर वीज पुढं जात नाही, महिन्या-दोन महिन्यांत दगा देते.

पहिल्याच डागाला प्लास्टिकचे चार स्लीपर वितळले. वरवर काही दिसत नव्हतं, पण मोजलं तर अंतर १६.२. रूळ आत ओढला गेला होता. मेहुण्याला व्हिडिओ कॉल. त्यानं हसू आवरलं आणि सांगितलं ते असं: आधी घास, मग राळ लाव, मग ताप. ताप मोठा पण एका क्षणाचा. मी उलटं करत होतो, बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न धरून मिनिटभर बसत होतो. मोठं टोक लावलं, डागाच्या दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवले. मोजून दोन सेकंद. डाग चकाकून पसरला.

वितळलेला तुकडा काढून टाकला. दहाचे नऊ.

७ सप्टेंबर

बाप्पा आले. वरची खोली मखराच्या सामानाला दिली. काम बंद.

२२ सप्टेंबर

सांधे बसवले, आणि आजचा दिवस लांब होता.

आधी शब्दांचं. रूळ रुळाला जिथं मिळतो तो जोड, आणि गाडी या लाईनीवरून त्या लाईनीवर जाते तो सांधा. घरात दोन्हींना सांधा म्हणून गोंधळ व्हायला लागला, म्हणून हे ठरवलं. सांध्यात दोन बाहेरचे रूळ जागचे हलत नाहीत, ते स्टॉक रेल. त्यांच्या मधे निमुळत्या जिभा, टंग रेल, एका आडव्या पट्टीनं बांधलेल्या. पट्टी सरकली की एक जीभ चिकटते, दुसरी सुटते. पुढं दोन रूळ एकमेकांना छेदतात ते क्रॉसिंग, त्याचं टोक म्हणजे नाक. आणि नाकाच्या समोर, पलीकडच्या रुळाला लागून, आतून धरलेला छोटा रूळ म्हणजे चेक रेल. इंग्रजीत क्रॉसिंगला बेडूकही म्हणतात हे कळल्यापासून आमची कन्या खोलीत आली की "बेडूक कसाय?" एवढंच विचारते.

माझे सांधे १२ अंशांचे, म्हणजे साधारण १ इन ४.७ (४.७ पुढं गेलं की १ बाजूला). खऱ्या लाईनीवर १ इन ८.५ किंवा १ इन १२ असतात. ते मापात केले असते तर चार सांध्यांतच फळीचा बराच भाग संपला असता.

चाचणी अशी, की सगळ्यात लांब डबा घ्यायचा आणि इंजिननं ओढायचा नाही, ढकलायचा. ओढताना चालून गेलेल्या चुका ढकलताना वर येतात. तीन सांधे पास. तिसऱ्या क्रमांकावर, म्हणजे दुसऱ्या फलाटाकडं वळताना, डबा नाकापाशी प्रत्येक वेळी उडी मारून खाली. सरळ गेला तर काही नाही.

चाकावर संशय घेतला. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर साडेचौदाच्या आसपास हवं, एका आसावर १४.१ भरलं. चाक पिळून बाहेर घेतलं. तरी डबा खालीच. डबा बदलला. तोही खाली.

तात्या दुपारच्या पॅसेंजरनं आले होते. खुर्चीत बसून तंबाखू मळत सगळं बघत होते. मग उठले, गाल फळीला टेकवला, एक डोळा मिटला आणि रुळाच्या रेषेत बघितलं. बराच वेळ.

"डब्याला का मारतोयस? चेक रेल कशाला असती?"

सांगितलं त्यांनी, बोटानं दाखवत. इकडचं चाक नाकापाशी येतं तेव्हा त्याला धरायला तिथं रूळ नसतो, मोकळी फट असते. त्या क्षणाला त्याला सरळ ठेवतं ते पलीकडचं चाक, आणि पलीकडच्या चाकाला पाठीमागून धरते चेक रेल. तिची फट मोठी झाली की दोन्ही चाकं तेवढी सरकतात आणि इकडचं चाक नाकाच्या चुकीच्या बाजूला जातं. मोजलं. बाकीच्या सांध्यांत फट सव्वा मिलीची, या एकात १.६. आधीच्या मालकाच्या हातून घासून झाली असेल, किंवा कधीतरी डाग देताना प्लास्टिक सैल झालं असेल.

साधारण तीन दशांश मिलीची पट्टी हवी होती. नव्या शर्टाच्या कॉलरखाली असते ती पारदर्शक प्लास्टिकची पट्टी बरोब्बर ०.३ निघाली. कापून चेक रेलच्या आतून चिकटवली. डबा ढकलला. गेला. वीस वेळा ढकलला, वीस वेळा गेला.

एक मात्र तात्यांना पटलं नाही, की मी चुकीचा भाग एवढा वेळ मोजत कसा बसलो. "मोजायचं कुठं ते आदी बघायचं आस्तंय," म्हणाले, आणि चहा मागितला.

२९ सप्टेंबर

सांध्याच्या जिभा स्टॉक रेलला पुरत्या चिकटतात का, याची तपासणी. खऱ्या सांध्यात पाच मिलीची लोखंडी चकती जिभेत अडकवून बघतात. ती असताना सांधा लॉक झाला तर सिग्नलवाल्यांची खैर नसते. पाचाला ८७ नं भागलं की ०.०५७. दुकानाच्या पावतीचा कागद मायक्रोमीटरवर साधारण तेवढाच भरला. पावतीची पट्टी जिभेच्या टोकाशी धरायची आणि सांधा बदलायचा. कागद ओढला तर फाटला पाहिजे. सुळकन निघाला तर जीभ उघडी. चारपैकी दोन ठिकाणी निघाला. एकात कॉर्कचा कण होता, दुसऱ्यात जिभेच्या टोकाची पाठ कानशीनं दोन हात मारून पातळ केली.

क्रॉसिंगला वीज द्यायचं कामही आज उरकलं. नाक धातूचं आहे, आणि सांधा जिकडं वळेल तिकडच्या रुळाची वीज त्याला मिळाली पाहिजे, नाहीतर शॉर्ट. मोटर लावायच्या भानगडीत पडलो नाही. सरकणारा स्विच फळीच्या कडेला, त्याच्या दांडीतून सायकलचा स्पोक सांध्याच्या पट्टीपर्यंत. स्विच ढकलला की सांधाही बदलतो आणि नाकाची वीजही. स्पोकला मधे एक लहानसा वेलांटीसारखा वळसा दिला, तो स्प्रिंगचं काम करतो. खर्च चहापेक्षा कमी.

१२ ऑक्टोबर

दसरा. कारखान्यात लेथची पूजा झाली, घरी येऊन रूळ मोजायच्या गेजला झेंडूचं फूल वाहिलं. संध्याकाळी पहिली पॅसेंजर फलाटाला लागली. इंजिन सुटलं, फिरलं, मागं जोडलं. कन्या म्हणाली, "मी चालवतो आता." तिनं ती डेड एन्डला धडकवली.

१७ नोव्हेंबर

खडी. क्रशरवरची काळ्या पाषाणाची कच दोन किलो आणली, चहाच्या गाळणीतून काढली, धुतली, वाळवली. दिसायला इतकी खरी की दुसरं काही बघायलाच नको. मग सहज लोहचुंबक फिरवलं आणि त्याला दाढी फुटली. आपल्या दगडात मॅग्नेटाईट असतं. हे कण इंजिनाच्या मोटरच्या चुंबकानं वर ओढले गेले की गिअरमध्ये बसणार. जाड चुंबकाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून कच पातळ पसरली आणि सहा वेळा फिरवली. शेवटी पावपट कमी झाली.

२४ नोव्हेंबर

खडी पसरायची ती कोरडी, मऊ ब्रशनं, स्लीपरच्या माथ्याच्या जरा खाली. मग पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा थेंब फवाऱ्यानं, म्हणजे गोंद ओघळून न जाता मुरतो. मग पांढरा गोंद निम्मं पाणी घालून ड्रॉपरनं.

रात्री साडेअकराला संपवून झोपलो. सकाळी बघतो तर दुसरा सांधा दगडासारखा. गोंद जिभेच्या पट्टीखाली उतरलेला. ऊन पाणी, दाताचा ब्रश, टाचणी, दोन तास. आता उरलेल्या सांध्यांना पट्टीच्या आजूबाजूला दोन-दोन स्लीपर खडी नाही, नुसता रंग. तिथं खडी नसल्याचं कोणाला कळत नाही. वाळेपर्यंत दर दहा मिनिटांनी सांधा इकडून तिकडं करायचा. हे काम कन्येला दिलं, तिनं गजर लावून केलं.

५ जानेवारी २०२५

गळीत हंगाम. खिडकीतून चिपाडाच्या काजळीचे काळे पापुद्रे येतात आणि रुळावर बसतात. इंजिन अडखळतंय. पॉलिश पेपरनं घासायचा मोह होतो, पण त्यानं रुळावर ओरखडे पडतात आणि पुढची घाण त्यातच बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुती फडकं, बास. चाकंही पुसली. रुळापेक्षा चाकांवरच मळ जास्त निघाला, प्लास्टिकच्या चाकांवर तर थरच. हळूहळू धातूची चाकं घालायची.

९ फेब्रुवारी

काही नाही. चालतंय. खोलीचं दार आपोआप लागतं आणि वाऱ्यानं उघडतं.

१३ एप्रिल

काल जोतिबाची यात्रा. घरभर गुलाल. दुपारी अडीचला वर आलो, खोलीत ४३ अंश. पॅसेंजर सोडली, मधल्या सरळ लाईनीत आडवी झाली. वाटलं रुळावर गुलाल आला असेल. पुसलं. पुन्हा आडवी.

मग तात्यांसारखा गाल फळीला टेकवून बघितलं. सरळ लाईन सरळ नव्हती. अर्ध्या मीटरच्या पट्ट्यात ती एका बाजूला पोट काढून बसली होती, मधोमध सात मिली. कॉर्कवरून स्लीपर सुटलेले, खडीला तडा गेलेला.

कागदावर गणित केलं तर थक्क झालो. अर्ध्या मीटरच्या रुळाची लांबी फक्त पाव मिलीनं जास्त झाली, तरी मधे सात मिलीचं पोट येतं. इतकीशी जास्तीची लांबी, आणि तिला जायला जागा नाही.

पण ही लांबी आली कुठून? निकेल सिल्व्हर मीटरला अंशामागं साधारण १६ हजारांश मिली वाढतं. ऑगस्टमध्ये खोलीत २४ अंश होतं, आज ४३. तीन मीटरला एक मिलीच्या आतच. एवढ्यानं फार तर जोड कचकचले असते.

१४ एप्रिल

रात्रभर डोक्यात तेच. पहाटे सहाला, टेप तापायच्या आत, ऑगस्टमधल्या पेन्सिलीच्या खुणा मोजल्या. तीन मीटरच्या खुणा २९९७ वर होत्या. फळी तीन मिलीनं आखडली होती.

म्हणजे रूळ जेवढा वाढला त्याच्या तिप्पट लाकूड आत गेलं. मी रूळ बसवले ते पुराच्या दिवसांत, दार फुगून लागत नव्हतं तेव्हा. प्लायही फुगलेला होता. त्या फुगलेल्या फळीवर तोंडाला तोंड लावून घट्ट बसवले आणि उन्हाळ्यात फळी आकसली. नोव्हेंबरपासून खडीच्या गोंदानं सगळं दाबून धरलं, काल सुटलं. दार फेब्रुवारीत आपोआप लागत होतं तेव्हाच कळायला हवं होतं. नोंद माझ्याच हातची आहे.

२० एप्रिल

तात्या आले. पोट बघून हसले नाहीत, उलट जरा गंभीर झाले. "उन्हाळ्यात आमी हेलाच भ्यायचो," म्हणाले. त्यांच्या काळात १३ मीटरचे रूळ, प्रत्येक जोडाला मोजून फट. मीही कागदावर बघितलं. पोलादाचा १३ मीटरचा रूळ ४० अंशांच्या फरकाला सहा मिली वाढतो, फट तेवढ्याचसाठी. फिशप्लेट उघडून ग्रीस लावायचं ते दिवाळीनंतर, थंडीत. उन्हाच्या दिवसांत फिशप्लेटचे बोल्ट काढायचे नाहीत आणि स्लीपरखालची खडी उकरायची नाही, कारण रुळाला बाजूनं धरून ठेवते ती खडीच. गाडीची खडाक-खडाक त्या फटींची. आता लांबच्या लांब वेल्ड केलेले रूळ आले, आवाज गेला.

मग विचारलं, "तुझ्या फटी किती?"

शून्य म्हणालो. त्यांनी माझ्याकडं बघितलं तेवढंच.

काम असं केलं. मधल्या लाईनीत चार जोड निवडले, वळणावरचे डाग दिलेले सोडून. प्रत्येक ठिकाणी एक मिलीच्या चकतीनं कापलं. पोटाचा भाग ओल्या फडक्यानं भिजवून खडी सैल केली, पट्टी लावून सरळ केला, वजन ठेवून सुकवला. सगळं बसल्यावर चारही फटी जवळजवळ मिटल्या, पाव मिलीही राहिल्या नाहीत. म्हणजे जास्तीची लांबी खरंच चार मिलीच्या आसपास होती. फिशप्लेट नुसत्या सरकत्या ठेवल्या, आणि वीज तुटू नये म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना बारीक मऊ तार ढिली सोडून डाग दिला. असाच तारेचा तुकडा खऱ्या रुळांच्या जोडावरही असतो, ट्रॅक सर्किटसाठी, म्हणजे रुळावर गाडी आहे का हे सिग्नलला कळवणाऱ्या विजेसाठी. तात्यांना तो बघून बरं वाटलं.

एप्रिलमध्ये कापलेलं पावसात किती उघडेल, हा माझा प्रश्न. तात्यांनी चंची उघडली. सुपारी, चुन्याची डबी, आणि खालून एक पुठ्ठ्याचं जुनं तिकीट, रुकडी ते कोल्हापूर. कडा तेलकट झालेल्या.

"हे जाईल एवढी उघडली तर बरोबर. दोन जात्याल एवढी उघडली तर चाक आपटंल."

व्हर्नियरवर ते ०.८ भरलं. मी ते त्यांच्याकडून मागून घेतलं. द्यायला जरा कुरकुरले.

२५ मे

यंदा पावसानं मे महिन्यातच गाठलं. दार अजून लागतंय. फटी मोजल्या, ०.४, ०.३, ०.४, ०.५. तिकीट जात नाही.

तिसऱ्या सांध्याची कॉलरची पट्टी एका कडेनं सुटत होती, पुन्हा चिकटवली. पावतीच्या कागदाची चाचणी चारही सांध्यांना, चारही पास. गुलाल मात्र अजून खडीत आहे, मिरजेकडच्या टोकाला. तो राहू दे.

२२ जून

दाराला आज खांदा लावावा लागला. लगेच तिकीट घेऊन बसलो. पहिल्या फटीत घासून गेलं, दुसऱ्यात तसंच, चौथ्यात सहज. तिसऱ्यात सैल, दीड तिकीट तरी जाईल.

पॅसेंजर सोडली. चार जोडांवर चार वेळा वाजली, बारीक, टिक-टिक, आणि तिसऱ्याचा आवाज वेगळा. तात्यांना फोन लावून मोबाईल रुळाजवळ धरला, गाडी तीनदा फिरवली.

"तिसरा ढिला हाय," ते म्हणाले. "फळीची पट्टी बघ खालची, स्क्रू निसटला आसंल."

खाली वाकून बघितलं. निसटला होता.